खुर्चीचा प्रयोग

जनुकशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष डॉ. गोविलकर कित्येक वर्षं खुर्ची सोडायला तयार नव्हते. निवडणुकीचा विषय निघाला की त्यांचं एकच पालुपद, "संघटना माझ्यामुळे वाढली, मी गेलो की बुडेल!" ते ऐकून ऐकून कार्यवाह वैजयंती टिळेकरांचे कान किटले होते. यंदाच्या सभेतही तेच सुरू झालं, तशा त्या ताडकन उठल्या.

"सर, 'तुलनेचा गट कुठाय?' असं म्हणत तुम्ही आम्हा सगळ्यांचे शोधनिबंध परत फेकलेत. मग संघटना तुमच्यामुळे वाढली की तुम्ही असूनही वाढली, हे तुलनेशिवाय कसं कळणार? एकदा दुसऱ्या कुणाला बसवून बघू."

"आणि संघटना बुडाली तर?" अध्यक्ष गरजले.

"तर तुमचंच खरं ठरेल की! मग घाम कशाला फुटतोय?"