एल्विनाचं बिननावाचं बोट

समुद्राच्या अगदी कानाशी एक इवलीशी वाडी होती. नाव तिचं चांदोरवाडी. तिथल्या केळी इतक्या हिरव्यागार, की पोपट पानावर बसला तर त्याच्या आईलाही सापडायचा नाही.

वाडीच्या टोकाला एका एवढ्याशा घरात एल्विना राहायची. घर किती एवढंसं? तर मांजरीला आळस द्यायचा असला, की ती अंगणात जायची! एल्विनाचे पपा देवाघरी गेलेले. आई दुसऱ्यांच्या बागेतली फुलं खुडायची, त्यांच्या वेण्या करून बाजारात विकायची. मायलेकींच्या ताटात भात असायचा. भातावर कधी माशाची आमटी असायची, कधी आमटीची नुसती गोष्ट.

पण एल्विनाकडे गिटार होती. चर्चच्या क्वायरची, जुनी, मधाच्या रंगाची. क्वायर शिकवणाऱ्या आंतोनमामांनी ती तिला वाजवायला दिली होती. एल्विना वाजवू लागली की विहिरीतले बेडूक एकमेकांना "श्शू!" करून गप्प बसवायचे, आणि उद्या उमलायच्या कळ्या आजच फटाफट उमलायच्या. खोटं वाटत असेल तर बेडकांना विचारा.

एके दिवशी काय झालं, मांजरीचं पिल्लू लोखंडी पेटीत डोकावलं आणि पेटीचं झाकण सुटलं. एल्विनानं झटकन डावा हात मध्ये घातला. पिल्लू वाचलं, पण एल्विनाचं करंगळीशेजारचं बोट मोडलं.

प्लास्टर चढलं, प्लास्टर उतरलं. हाड जुळलं, पण बोट काही वळेना. डॉक्टर म्हणाले, "रोज कोमट पाण्यात धरून हळूहळू वळवायचं." एल्विना वळवायला जाई, कळ येई, की ती हात फ्रॉकमागे लपवी.

आंतोनमामा येऊन बोट बघून गेले. "काय गं हे, बाय? वाळकी शेंगच झाली की याची." मग डोकं खाजवत म्हणाले, "नाताळच्या गाण्यांना गिटार लागतेच गं. नाताळच्या आदल्या रविवारी येतो. तोवर वळलं तर तूच वाजव. नाही वळलं, तर दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. रागवू नको हं."

एल्विना रागावली नाही. फक्त त्या बोटाकडे बघून म्हणाली, "मेलं! लाकूड नुसतं!"

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर येता येता ती आईची टोपली घेऊन अंगणात बसली. टोपलीत पिवळीधम्मक शेवंती होती. तिनं एक टपोरं फूल उचललं, सुई टेकवली, आणि फूल घोरलं. "घुर्रर्र... फुस्स. घुर्रर्र... फुस्स."

एल्विनानं अलगद पाकळ्या बाजूला केल्या. आत अंगठ्याएवढी परी झोपलेली! हळदीच्या रंगाचा झगा, चतुरासारखे लुकलुकते पंख, केसांत दवाचे मणी आणि पायांत एकच चप्पल.

परी डोळे चोळत उठली आणि सुई बघून किंचाळली. "अगं ए! कमरेत खुपसणार होतीस की काय? माझी वेणी करणार होतीस?"

"नाही हो परीताई! मला घोरणं ऐकू आलं ना."

"मी घोरत नाही," परी म्हणाली. "पण वाचवलंस खरं. आता एक इच्छा देणं आलं. नियम ऐक. मागायचं ते नाव घेऊन मागायचं. हे, ते, तिकडचं, असलं चालणार नाही, मी काय भाजीवाली आहे? आणि काही चुकलं, तर चर्चची दुपारची घंटा व्हायच्या आत परत फिरवता येतं. घंटा झाली की संपलं!"

एल्विनाचे डोळे चमचम करू लागले. "माझं करंगळीशेजारचं बोट बरं कर!"

"हे काय नाव झालं? तुला कुणी 'विहिरीशेजारची' म्हणून हाक मारली तर ओ देशील?"

तेवढ्यात कुंपणापलीकडून ठक-ठक आवाज आला. शाळेतल्या राऊतबाई चालल्या होत्या. कधीतरी विहिरीवर घसरल्यापासून बाईंचा गुडघा आखडलेला, म्हणून हातात काठी. एल्विना कुंपणाशी धावली.

"बाई, बाई, या बोटाचं नाव काय हो?"

बाई हसल्या. "गंमतच आहे बघ, त्याचं नि माझं नाव एकच. अनामिका!" आणि ठक-ठक करत पुढे गेल्या.

एल्विना धावत परत आली आणि डोळे गच्च मिटून म्हणाली, "परीताई, अनामिका बरी होऊ दे! वळू दे, हलू दे, नाचू दे!"

परीनं चुटकी वाजवली. गुलाबी, जांभळी, सोनेरी चांदणी धूळ भुर्रकन उडाली आणि गेली की कुंपणापलीकडे!

तिकडे बाईंनी काठी भिरकावली. त्यांनी कुंपणावरून उडी मारली, विहिरीला दोन गिरक्या घातल्या आणि पदर खोचून सरसर जांबाच्या झाडावर चढल्या. मागे धावणारी कुत्री दमून खाली बसली.

परीनं कपाळावर हात मारला. "अगं बाई गं! अनामिका म्हणजे जिला नाव नाही ती. तुझ्या बोटाला नावच नाही. बाईंना आहे. जादू नाव शोधत गेली ती थेट बाईंकडे!"

"मग आता?"

"घंटा व्हायची आहे अजून. तू फक्त म्हण, मी परत आणते. मग बोटाचं काहीतरी बघू."

एल्विनानं वर पाहिलं. बाई फांदीवर बसून पाय हलवत होत्या. "एल्विना, अगं, इथून समुद्र दिसतो!" त्या ओरडल्या. "मी विसरलेच होते गं!" त्या हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

एल्विनानं दारातून आत पाहिलं. भिंतीला टेकून मधाच्या रंगाची गिटार उभी होती. तिनं नजर वळवून पुन्हा झाडाकडे पाहिलं.

"राहू दे," ती पुटपुटली.

"काय म्हणालीस?"

"राहू दे म्हटलं. बाईंचं बाईंना राहू दे."

ठण्ण! घंटा झाली. एल्विनाच्या डोळ्यांतून टपटप मोती गळू लागले.

परी उडत येऊन त्याच ताठ बोटावर बसली. "रडू नको गं, सोनुली. एक सांग, या बोटाला लोक काय म्हणतात?"

"आंतोनमामा म्हणतात वाळकी शेंग. मी म्हणते मेलं."

"बघ! नावं सगळ्यांनी ठेवली, पण नाव कुणी ठेवलंच नाही! उठता-बसता 'मेली' म्हटलं तर तू तरी कुणासाठी वळशील का?"

एल्विनानं बोटाकडे पाहिलं. याच बोटानं झाकण अडवलं होतं. तिनं ते हळूच गालाला लावलं आणि कुजबुजली, "टिटू. तुझं नाव टिटू. खूप दुखलं ना रे तुला? मी विचारलंसुद्धा नाही."

टिटू शेंड्यापासून गुलाबी गुलाबी झाला. आणि वळला! चिंचेच्या पानाएवढाच, पण वळला.

परीनं टाळ्या पिटल्या. "आपली इच्छा जी दुसऱ्याला देते, तिची माया मी दुप्पट करते. तू जेवढं वळवशील, त्याच्या दुप्पट तो वळेल. नियम एकच. रोज हाक मारायची आणि रागवायचं नाही. तुझा सूर लागेपर्यंत मी इथेच आहे."

मग रोज सकाळी कोमट पाण्याचं भांडं यायचं. "चला टिटूशेठ, आंघोळीला!" आई म्हणायची. अनामिकाबाई धावत, हो, धावतच यायच्या. "टिटूराव, आज केवढे वळणार?" कधी कळ इतकी यायची, की एल्विनाच्या ओठांवर 'मे' यायचा, पण ती तो "मेरे टिटू!" असा फिरवून टाकायची. परी हसून हसून शेवंतीतून खाली पडायची.

रविवार आला. आंतोनमामा आले. एल्विनानं गिटार मांडीवर घेतली. एक बोट बसलं, दुसरं बसलं, शेवटी टिटू तारेवर टेकला.

भर्रर्र! माशी गुणगुणावी तसा आवाज आला. आंतोनमामांनी मान खाली घातली.

"थांबा मामा." एल्विना वाकली. "टिटू, भिऊ नको. मी आहे ना."

टिटूनं तार दाबली. झणण्ण! स्वच्छ, गोल, चंदेरी सूर अंगणभर पसरला. विहिरीतून "श्शू!" ऐकू आलं.

"गिटार कुठे जात नाही, बाय," आंतोनमामा नाक पुसत म्हणाले. "आणि शेंग म्हटल्याबद्दल टिटूला सॉरी सांग."

गिटारच्या तारेवर बसलेली परी त्या सुराबरोबर थरथरली आणि हळदीसारखी पिवळी, मग सोनेरी, मग नुसता उजेड झाली. जाता जाता तिनं टिटूची पापी घेतली, आणि मग असा काही लख्ख प्रकाश पडला, असा काही पडला, की आई घाईघाईनं आत गेली आणि वाळत घालायचे सगळे बोंबील बाहेर घेऊन आली.