रणपिसे साहेबांचं कपाट

कुणापुढेही 'मला कळलं नाही' म्हणायची रणपिसे साहेबांना सवय नव्हती, आणि त्या सकाळी त्यांना काहीच कळत नव्हतं. कंपनीच्या फायली ठेवायला नवा वेब सर्व्हर घ्यायचा होता. "काय काय हवंय त्यात?" एवढंच त्यांनी डेव्हलपर मंडळींना विचारलं, तर ईशा वाळिंबे म्हणाली व्हर्जन, दुसरा म्हणाला परमिशन, तिसरा म्हणाला लॉग. साहेबांचं डोकं गरगरायला लागलं.

"पुरे!" ते कडाडले. "सर्व्हर म्हणजे कपाट. माझ्या कपाटाला कधी कुलूप बघितलंय? कुणीही उघडा, ठेवा, काढा! दुपारी सत्काराला निघण्याआधी मी सगळ्यात साध्या सर्व्हरवर सही करणार. तोवर मला समजेल असं कुणाला सांगता आलं तर सांगा."

दुपारी सत्काराचा कोट घ्यायला साहेबांनी कपाट उघडलं, तर हँगरवर कुणाचा तरी ओलाचिंब रेनकोट! साहेब चक्रावले आणि तरातरा बाहेर आले.

"माझा कोट कुणी काढला? कधी काढला? कुणाला विचारून? मला माझा सकाळचा कोट आत्ताच्या आत्ता परत पाहिजे!"

ईशाने इस्त्रीसुद्धा न मोडलेला कोट त्यांच्या हातात ठेवला.

"रेनकोट माझा, साहेब. हँगर एकच होता, म्हणून तुमचा काढून माझा लावला. सकाळपासून आम्हाला जे नीट सांगता येत नव्हतं, ते तुम्ही एका दमात सांगितलंत. कुणी, कधी काढला हे लॉग सांगतो, कुणाला विचारून हे परमिशन, आणि सकाळचं जसंच्या तसं परत देतं ते व्हर्जन. आता ऑर्डर देताना फक्त कोटाच्या जागी फाईल म्हणा."