साळुंक्यांचे शेले

एका राज्यात राजा आणि त्याची थोरली बहीण भर पटांगणात भांडत होती, आणि तटावर, झाडांवर, देवळाच्या कळसावर बसलेल्या साळुंक्या ते भांडण निमूट ऐकत होत्या.

"आधी माझ्या लेकीचा शेला," राजा भानुकेतू म्हणाला. "तिन्ही रंग. आत्ता."

"आधी सगळ्या शेल्यांचं पिवळं," मंदारवती म्हणाली. "मग सगळ्यांचं तांबडं. मग काळं."

"मी राजा आहे."

"असशील. इथे तू नुसता उजेडात उभा आहेस. सरक."

भांडण कशावरून पेटलं ते सांगते, मग पुढे जाऊ.

त्या नगरीत कज्जलनाथ नावाचा मांत्रिक आला होता. अंगरखा उलटा घालून आला. पोरं हसली. पोरं हसणारच. पण राजाही हसला, आणि तिथे बिघडलं. मांत्रिकाने मूठभर काजळी उधळली, आणि नगरीतलं पोर न् पोर साळुंकी होऊन उडालं. राजाची धाकटी सोनजुईसुद्धा.

राजाने पाय धरले तेव्हा मांत्रिक म्हणाला, "तुझ्या निशाणावरचा सूर्य ज्या पाखराच्या पाठीवर पडेल, त्याचं पोर होईल. पण सगळे सूर्य एकसारखे हवेत. ज्याच्यात केसाचा फरक, ते पोर जन्माचं पाखरू. हात लावायचा नाही, कुंचला लावायचा नाही, ठसा लावायचा नाही. कापडाला कापडानेच रंगवायचं. आणि पाखरं माणसाची बोली विसरली की उपाय संपला."

दरबारातल्या शहाण्यांनी माना हलवल्या. शहाणे तेवढंच करतात. मंदारवती स्वयंपाकघरात गेली. तिला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. जे येत होतं ते तिने बघून बघून घेतलं होतं. तिथे दासी हळद वस्त्रगाळ करत होती. फडक्याला खालून एक ओलं पान चिकटलं होतं. जमिनीवर हळद पडली सगळीकडे, पण मधोमध पानाएवढी जागा कोरी राहिली.

मंदारवती उठली आणि म्हणाली, "सापडलं. अडवलं तिथे कोरं, सोडलं तिथे पिवळं."

मग ती तीन वस्तूंसाठी बाहेर पडली.

पहिलं हवं होतं रेशीम. असं तलम, की रंग त्यावर ठेवला तर थांबेल आणि दाबला तर पार होईल. तुतीच्या वनात रेशीमराणी राहत होती. तिने विचारलं, "माझी लेकरं उकळून मारशील?"

"नाही."

"मग सूत कुठून काढशील?"

"तू देशील. मी लेकरांसाठीच मागते आहे."

रेशीमराणी पानावरून खाली उतरली. मग तिने स्वतः कातलं, स्वतः विणलं, आणि दिलं.

दुसरी हवी होती लाख, रेशमाची नको ती छिद्रं बुजवायला. लाखेच्या डोंगरावर एक राक्षस दाढी लाखेत अडकून बसला होता. जो जाई त्याला खाई. मंदारवतीने पहिल्या धारेची मोहाची दारू नेली. निम्मी त्याच्या दाढीवर ओतली, निम्मी त्याच्या घशात. लाख विरघळली, राक्षसही विरघळला. म्हणाला, "बाई, मागशील ते देतो." तिने मडकंभर पातळ लाख भरून घेतली.

तिसरी हवी होती पट्टी, रंग रेटायला. लोखंडाने रेशीम कापलं असतं, लाकडाने ओरखडलं असतं. दक्षिणेला एक रडणारं झाड होतं. त्याचा चीक वाळला की चामड्यासारखा लवे.

"का रडतंस?" तिने विचारलं.

"कुणी विचारत नाही म्हणून."

"मी विचारलं. आता चीक दे आणि डोळे पूस."

झाडाने दिला.

घरी येऊन तिने रेशीम तीन लाकडी चौकटींवर ढोलासारखं ताणलं. पहिल्या चौकटीत सूर्याचं बिंब तेवढं मोकळं ठेवून बाकी लाख फासली. दुसरीत किरणं मोकळी ठेवली. तिसरीत डोळे, नाक आणि मिशा. सूर्याला मिशा हव्यात, नाहीतर तो पापडासारखा दिसतो. पाटावर दोन खुंट्या ठोकल्या. चौकट दर वेळी त्यांनाच भिडवायची, म्हणजे बिंबावर किरणं बरोबर बसतात, गालावर मिशी येत नाही. रंग चिंचोक्याच्या खळीत घोटून दाट केला. पोरामागे एक असे शेले मोजून आणले होते; त्यातला एक अंथरला, चौकट ठेवली, रंग ओतला, पट्टीने एका दमात ओढला. चौकट उचलली तर खाली पिवळंधमक बिंब. हात लागला नव्हता, कुंचला नाही, ठसा नाही. कापडाने कापड रंगवलं होतं.

नगरीने श्वास सोडला. आणि तेवढ्यात राजाच्या खांद्यावरची सोनजुई "बाबा" म्हणायला गेली आणि तिच्या चोचीतून नुसतं "बा" आलं.

तिथून ते भांडण.

"ती विसरते आहे, अक्का. तुला ऐकू येत नाही का?"

"मला सगळ्यांचीच ऐकू येतात. ओल्या पिवळ्यावर तांबडं ओढलं तर दोन्ही फिसकटतील. आणि मी इथे थांबले तर रंग रेशमात वाळेल. छिद्रं बुजली की पुढच्या पोरांच्या सूर्यांना भोकं पडतील. एकदा रंग ओतला की थांबायचं नसतं."

"घटकाभर थांब."

"नाही."

राजाने चौकटीवर हात दाबून धरला. राजे असतात असे. मंदारवतीने त्याच्याकडे पाहिलं, पट्टी खाली ठेवली आणि हाताची घडी घातली. उन्हं तापली होती. थोड्या वेळाने राजाचाच हात सैल झाला. तिने पुढचा शेला ओढला. सूर्याच्या कपाळावर पांढरा ठिपका, तिळाएवढा.

भोवती उभ्या असलेल्या आया झाडांवरची पाखरं मोजू लागल्या.

"हा शेला गेला," मंदारवती म्हणाली. "आता एक कमी पडणार, महाराज."

एरवी ती त्याला भानू म्हणे.

राजाने खांद्यावरचं पांढरं उपरणं काढलं, पाटाशी ठेवलं आणि म्हणाला, "हे घे, सोनजुईला. सगळ्यांच्या शेवटी." मग तो स्वतः पाण्याची घागर घेऊन आला. तिने रेशीम धुतलं, त्याने उजेडाकडे धरून एकेक छिद्र तपासलं. पुढे ती रंग ओढी आणि तो चौकट खुंट्यांना भिडवून धरी. भांडण चालूच होतं, पण हात थांबले नाहीत. पिवळं वाळलं, तांबडं चढलं. तांबडं वाळलं, काळं चढलं. सूर्यांना मिशा आल्या.

कज्जलनाथ तपासायला आला. शेल्यावर शेला ठेवून उन्हात पाहिलं. केसाचा फरक मिळेना. दुसरा जोड घेतला, तिसरा घेतला. मग तो खाली बसला, आणि त्याच्या दाढीतली काजळी आपोआप झडली.

आयांनी दोरीवरचे शेले उतरवून पाखरांच्या पाठीवर टाकले. जिथे शेला पडे तिथे पोर उभं राही, कुणी रडत, कुणी भूक लागली म्हणत. झाडं रिकामी झाली, अंगणं भरली. शेवटी सोनजुई उभी राहिली आणि पहिल्याच दमात म्हणाली, "बाबा, आत्याचा हात दुखतोय, तिला बसू दे." त्या बोलण्यासरशी शाप तुटला. देवळातली घंटा वाजली, बंद पडलेली शाळा उघडली, आणि पोरं शाळेत जायला नको म्हणाली. म्हणजे सगळं ठीक झालं.

कज्जलनाथाला चौकटी धुवायच्या कामावर ठेवलं. चांगला धुतो. आज त्या राज्यात निशाणं त्याच रीतीने छापतात, लग्नाच्या पत्रिका, साड्यांचे काठ, दुकानांच्या पाट्या आणि धान्याच्या पोत्यांवरची नावंसुद्धा. कापड, कागद, पत्रा, काच, त्या रेशमाला सगळं चालतं.

राहिलं ते भांडण कसं मिटलं; ते सोनजुई उभी राहिली त्याच्या जरा आधी. सगळी पोरं घरी गेली होती, आणि राजा हातात उपरणं घेऊन एकटाच उभा होता. खांद्यावरची साळुंकी आता जेमतेम "ब" म्हणत होती. "अक्का," तो म्हणाला, "हे सगळ्यात शेवटचं. मडक्याच्या तळाचा रंग, तुझे हात थकलेले. यात फरक राहिला असेल तर?"

मंदारवती पट्टी पुसत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "भानू, राजाची लेक कोणती हे त्या रेशमाला ठाऊकच नाही, म्हणून तर ते चुकत नाही; घाल तिच्या पाठीवर."