नांदखारचा थांबलेला घाणा

नांदखारला शनिवारी आलेले पाहुणे चिंचेखालचा जुना दगडी घाणा पाहतात आणि हटकून विचारतात, "आज शिवारात एकही औत कसं नाही?" दामाजी म्हात्रे त्यांना आधी पाणी देतात. "बसा. आज आमच्याकडे बैलसुद्धा पाटील असतो."

हा घाणा लहूबाईचा, असे सांगतात. ती शनवार तेली, म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. मूळ भाषेतलं या लोकांजवळ फार थोडं उरलं होतं म्हणे. पण शुक्रवारचा दिवस बुडाला की घाणा थांबायचा, चूल विझायची, बैल सुटायचा. नवऱ्यामागेही लहूबाईनं त्यात खंड पडू दिला नाही.

एका शनिवारी किल्लेदाराचे शिपाई आले. गलबतं यायची होती आणि बुरुजावरच्या दिव्याला तेल नव्हतं. दिवस बुडायच्या आत तेल दे, नाहीतर बैल नेतो, म्हणाले. तिचा एकुलता एक सोन्या. तो गेला की घाणा गेला आणि भाकरीही गेली.

"दिवस बुडू द्या बाबांनो, मग रात्रभर घाणा फिरवते. आत्ता नाही."

शिपायांनी स्वतःच सोन्याला जुंपलं. तशी ती माउली त्याच्या वाटेत मांडी ठोकून बसली. छाती बघा बाईची! आसूड कडाडला. सोन्या तिच्यापर्यंत आला आणि थांबला. पाठीवर वळ उठले, तरी त्यानं पुढं खूर टाकला नाही. लहूबाईच्या डोळ्यांना धार लागली, पण ती उठली नाही.

गावाला ते बघवेना. म्हात्र्यांची म्हातारी घरातला दिवा घेऊन आली आणि त्यातलं तेल शिपायांच्या बुधल्यात ओतलं. मागोमाग कोळी आले, कुणबी आले. बुधला भरला, सोन्या सुटला. त्या रात्री बुरुज उजळला आणि गाव काळोखात जेवलं. तेव्हापासून लहूबाईचा शनिवार साऱ्या गावाचा झाला.

पुढे कोचीहून एक गुरुजी आले म्हणे. त्यांनी सांगितलं, या दिवसाला आपल्यात शब्बाथ म्हणतात; ते नाव ज्या इब्री, म्हणजे हिब्रू, धातूतून आलं, त्यात श, ब, त अशी तीन अक्षरं. कुणी त्याचं नातं दुसऱ्या एका जुन्या भाषेतल्या पुनवेच्या नावाशी लावतात, पण अर्थ एवढाच, थांबणं. जग घडवून देव थकून टेकला नव्हता, काम पुरं झालं म्हणून थांबला. विसावा हा अर्थ मागाहून आला. लहूबाई सोन्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मग हे याला ठाऊक होतं, गुरुजी."

तिची माणसं इस्राएलला गेली, घाणाही कधीचा बंद पडला. आजही शनिवारी नांदखारला कुणी बैल जुंपत नाही. दामाजींच्या मुलाचा ट्रॅक्टरही चिंचेखाली उभा असतो. त्याला काय कळतंय, असं एखादा पाहुणा हसून म्हणतोच.

"त्याला नसेल कळत," दामाजी म्हणतात. "आम्हाला कळतं ना."