पिसाजी मोराची चित्रपेटी

हत्ती सोंडेला गाठ मारून झोपायचे, त्या काळची गोष्ट. पिसाजी मोर सिंहाच्या दरबारात पडदाभर मोठी चित्रं दाखवायचा. एक चित्र लागलं की पडद्यामागे खारुताई पेटीतून पुढचं काढून तयार धरायची. चित्र कधी बदललं ते कळायचंसुद्धा नाही. टाळ्या आपल्या पिसाऱ्यालाच पडतात, याबद्दल पिसाजीला तिळमात्र शंका नव्हती.

"कुणी मागितलं नसताना चित्रं काढून काय बसतेस गं?" तो एकदा फणकारला. "जा, शेंगा फोड! मागितलं की मीच काढीन. त्यात काय एवढं?"

खारुताई निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मोठा खेळ होता. तो फसला तर दरबारातली जागा जाणार होती. पहिलं चित्र झकास झालं. सिंह म्हणाला, "पुढचं!"

पिसाजीने पहिलं चित्र उतरवलं, मागची पेटी पडद्यापुढे ओढली आणि तिच्यात डोकं खुपसलं. आत सगळी चित्रं एकमेकांत अडकलेली. उपसताना पिसारा वर गेला, आणि कोऱ्या पडद्यासमोर त्याचं उघडं बूड अख्ख्या दरबाराने पाहिलं.

"सापडतंय हं, महाराज!" पेटीतून आवाज आला.

"सावकाश," सिंह म्हणाला. "हे चित्र बराच वेळ पुरेल. तोवर खारुताईंना बोलावून आणा रे."