हल्ली दोरा जाड येतो

एकदा एका तालुक्याच्या गावी हेमांगी नावाच्या मुलीने चष्म्यांचे दुकान थाटले. शहरातल्या मोठ्या दुकानातली नोकरी सोडून ती परत आली होती. घरी आई एकटी होती आणि ती काही केल्या घर सोडायला तयार नव्हती. दुकान चालले, तर आईजवळ राहता येणार होते. होळीपर्यंत जम बसला नाही, तर पुन्हा शहराची वाट धरायची, असे हेमांगीने मनाशी ठरवले होते. आईला मात्र हे सांगितले नव्हते.

कष्टाला ती मागे नव्हती. वर्तमानपत्रात तिने देखणी जाहिरात दिली. तीत काळा चष्मा लावलेली एक तरुणी वाऱ्यावर केस उडवत उभी होती. तीच जाहिरात तिने मोबाइलवरूनही सगळीकडे पाठवली. मग कॉलेजची मुलेमुली आली. त्यांनी चष्मे लावून आरशासमोर फोटो काढले, "छान आहे हं दुकान," म्हणाली आणि गेली. त्यांचे डोळे ठणठणीत होते.

संक्रांत जवळ आली, तशी हेमांगी तात्यांकडे गेली. तात्या म्हणजे जन्मभर कापडाचा व्यापार करून आता दुकान मुलांच्या हाती सोपवलेले वृद्ध गृहस्थ. गावात कोणी नवा धंदा काढला, की आधी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसे. हेमांगीने जाहिरातीचे कात्रण पुढे केले. तात्यांनी ते लांब धरले, आणखी लांब धरले आणि परत दिले.

"चित्र छान आहे. वाचून दाखव."

तिने वाचले. मग तात्या म्हणाले, "उद्यापासून दुपारी दुकानाला कुलूप लाव आणि देवळामागच्या पारावर जाऊन बस. चष्मा एकही न्यायचा नाही. कोणी सुई घेऊन आलं, की ओवून दे."

"आणि दुकानाविषयी काय सांगू?"

"काही सांगू नकोस. ऐक."

आधीच न चालणाऱ्या दुकानाला कुलूप कशासाठी, हे हेमांगीला उमगेना. पण तात्यांचा शब्द तिला मोडवेना.

थंडीत त्या पारावर उन्हाला बसून बायका गोधड्या शिवत. हेमांगी अंग चोरून कडेला बसली.

"काय गं," त्यांतल्या गोदाक्का म्हणाल्या, "चष्मे विकून झाले, आता शिंप्याच्या पोटावर पाय का?"

सगळ्या हसल्या. हेमांगीही हसली, आणि गोदाक्कांची सुई मागून घेऊन तिने ओवून दिली.

मग एकेक सुई येऊ लागली. प्रत्येक सुईबरोबर एक सबब येई. "हल्ली दोराच जाड येतो." "या सुयांना नाकं कुठे नीट पाडतात?" "एरवी नात ओवून देते, ती शाळेत गेलीय." डोळे अधू झाले, असे एकीनेही म्हटले नाही. वर्तमानपत्र पारावर होते, पण त्यावर गोदाक्का बसल्या होत्या. काळ्या चष्म्याची तरुणी त्यांच्या लुगड्याखालून अर्धीच डोकावत होती. देवळाच्या खिडकीत गुरवाने ठेवलेल्या रेडिओवर गावच्या केंद्राचा गप्पांचा कार्यक्रम लागला, की मात्र पारावरचे बोलणे आपोआप थांबे. निवेदिकेला सगळ्या 'आपली वैशाली' म्हणत आणि तिने काही विचारले, तर तिथल्या तिथे उत्तरही देत.

काही दिवसांनी हेमांगी ओसरीवर येऊन नुसतीच बसली. तिचा चेहरा पाहून तात्या हसले.

"पोरी, जाहिरात देताना तुझ्या मनात तूच होतीस. तुझ्या वयाची, तुझ्यासारखी फोन बघणारी. आपला माल कोणाच्या उपयोगाचा, त्या माणसांचं वय काय, दुपार कुठे जाते, कोणाचं बोलणं ती कान देऊन ऐकतात, आणि कशाची त्यांना लाज वाटते, एवढं कळेपर्यंत व्यापाऱ्याने तोंड उघडू नये. जिला बारीक अक्षर दिसत नाही, तिला तू बारीक अक्षरात हाक मारलीस. पण हे सगळं माया असेल तरच नीट दिसतं. ती नसेल, तर तो शिकाऱ्याचा डोळा."

तिथून हेमांगी थेट रेडिओ केंद्रावर वैशालीला भेटायला गेली. पुढच्या आठवड्यात रेडिओवर वैशाली म्हणाली, "बायांनो, हल्ली दोरा फार जाड येतो ना? दुपारी सुई-दोरा घेऊन आपल्या हेमांगीच्या दुकानात जा. ती काही वाचायला लावणार नाही, सुई तेवढी ओवायला लावील."

बायका घोळक्याने आल्या, एकमेकींना चिडवत. गोदाक्कांनी चष्मा लावून पहिल्याच झटक्यात सुई ओवली.

"दोरा बदललास वाटतं," त्या संशयाने म्हणाल्या.

"तोच आहे, आक्का."

दुकानाचे बाक रिकामे राहीनासे झाले. अशाच एका दुपारी गर्दी ओसरल्यावर दारात आई उभी राहिली. तिच्या हातात सुई होती.

"शेजारचा पिंट्या ओवून देतो, तो मामाकडे गेलाय," आई अवघडून म्हणाली. "हल्ली दोरा जाड येतो गं."

हेमांगीने त्या सुईकडे पाहिले. साऱ्या गावाच्या सुया तिने ओवल्या होत्या, आणि घरातली ही सुई रोज शेजारी जात होती.

"हो आई," ती म्हणाली, "येतो खरा."

आईला बसवून, वाकून तिने तिच्या डोळ्यांवर चष्मा ठेवला. आईने सुईकडे पाहिलेच नाही. ती जवळ आलेल्या लेकीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

"किती वाळलीस गं. डोळ्यांखाली केवढं काळं झालंय."

तेव्हा हेमांगीने होळीचा बेत सांगून टाकला, आणि आता जावे लागणार नाही, हेही सांगितले.

"ठाऊक होतं मला," आई म्हणाली. "चष्मा आत्ता लागला. कान शाबूत आहेत. जाण्याचं मनात असलं, की तुझा आवाज बारीक होतो."

आणि तिने शांतपणे सुई ओवली.