रॅमची दुसरी पट्टी

“…मग चौसष्ट पुरेल, की एकदम एकशे अठ्ठावीसच घालू?”

शिवतेज बुरगुटे विचारत होता मला, पण कान होते कमरुद्दीन मास्तरांकडे.

मास्तर दुपारच्या नमाजानंतर माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात येऊन बसतात. बार्शीत लग्नाची कॅसेट पहिल्यांदा कापली, म्हणजे एडिट केली, ती त्यांनी, दोन व्हीसीआर शेजारी शेजारी ठेवून. आता कापत नाहीत. नुसते बसतात.

शिवतेज तालुक्यातला नावाजलेला लग्नाचा शूटिंगवाला. पाच कॅमेरे, वर ड्रोन. कॉम्प्युटर त्याने गाडीतूनच आणला होता. त्यात बत्तीस जीबी रॅम होती, सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या. तरी एडिटिंगला बसलं की अडकायचा.

मी काउंटरवर नव्या पट्ट्या मांडल्या. गिऱ्हाईक चौसष्ट की एकशे अठ्ठावीस असं विचारतं, तेव्हा व्यापाऱ्याने मध्ये बोलू नये, एवढं मी आठवी नापास असलो तरी शिकलो आहे.

मास्तरांनी घाई काय आहे ते विचारलं.

शिवतेजने सांगितलं. साखर कारखान्याच्या एका संचालकाच्या मुलाचं लग्न होऊन वीस दिवस झाले होते. रविवारी संध्याकाळी रिसेप्शन, आणि तिथे भिंतीएवढ्या पडद्यावर फिल्म दाखवायची. आज मंगळवार. मागच्या लग्नाला फिल्म वेळेवर झाली नव्हती, आणि पाहुण्यांसमोर कोरा पडदा बघत बसायची वेळ आली होती. याही वेळी तसंच झालं तर या भागात कोणी दारात उभं करणार नाही.

“दाखव,” मास्तर म्हणाले.

शिवतेजने प्रोजेक्ट उघडला. साखरपुडा, हळद, अक्षता, आहेर, पंगत, पाठवणी. सहाही प्रसंगांचं, पाचही कॅमेऱ्यांचं सगळं एकाच टाइमलाइनवर अंथरलेलं. नुसता आहेर दीड तासाचा. टॉवेल-टोपी, फेटा, हातात हात, कॅमेऱ्याकडे बघणं… पुढचा.

मास्तरांनी विचारलं, यातला एखादा तरी काढला का?

“मास्तर, माणसं काढता येत नाहीत. नवरदेवाच्या मामाचे साडू दिसले नाहीत, तर दहा वर्षं सोयरिकीत बोलणं होत नाही.”

हे मात्र खरं. माझ्याच भाचीच्या लग्नात असं झालं आहे.

शिवतेजने प्लेचं बटण दाबलं. पडद्यावर नवरी मान वर करत होती. अर्धी मान वर झाली आणि तिथेच थांबली.

“बघा,” तो म्हणाला. जिंकल्यासारखा.

मास्तर पडद्याकडे बघत राहिले.

“सगळं घेतलंस?”

“सगळं. एक क्षण सोडला नाही.”

“नवरीचा बाप?”

“आहे की. कन्यादानात आहे, आहेरात आहे.”

“ती निघाली तेव्हा?”

शिवतेजने माउस हलवला. पडदा हलला नाही.

“असेल…” तो म्हणाला.

मास्तर माझ्याकडे वळले. “कॉम्प्युटरची पेटी उघड. एक पट्टी काढ.”

मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी एकच बोट वर केलं.

वीस वर्षं या धंद्यात आहे. रॅम कमी पडते म्हणून आलेल्या माणसाची रॅम मी कधी काढली नव्हती. शिवतेजही उठून उभा राहिला. चेष्टा करायची असेल तर सोलापूरला दुसरी दुकानं आहेत, असं माझ्या तोंडावर बोलला.

मास्तर म्हणाले, “जा. पण सोलापूरला जाऊन येईपर्यंत दिवस मावळेल. तेवढा वेळ इथं बस.”

तो बसला. मास्तरांनी सांगितलं की त्याचा बापही गुमान बसायचा. त्याच्या आईबापाच्या लग्नाची कॅसेट मास्तरांनीच कापली होती.

मी पट्टी काढून मास्तरांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली.

सोळा जीबीवर तो पसारा उघडेना. मास्तरांनी नवा, रिकामा प्रोजेक्ट उघडायला लावला. मग एका वेळी एकच क्लिप घ्यायची. बघायची. ठेवण्यासारखी असेल तर ठेवायची. ती बंद करायची, मगच दुसरी.

“असं केलं तर रविवार उजाडेल.”

“रविवार तसाही उजाडणारच आहे.”

मी नव्या पट्ट्या परत खोक्यात भरायला घेतल्या. भरताना जुनी गोष्ट आठवली. कॉम्प्युटरच्या आधी मी विहिरीवरच्या मोटारी विकायचो. ज्याच्या विहिरीला पाणी कमी, तोच माणूस मोठी मोटार मागायचा. मी द्यायचो. दोघंही खूश व्हायचो. पाणी मात्र होतं तेवढंच.

तासभर शिवतेज कुरकुरत होता. मग कुरकुर थांबली. मशीन एकदाही अडकलं नाही. त्याने दोन वेळा पेटीकडे वाकून बघितलं, मी गुपचूप काही घातलं की काय म्हणून.

आहेर त्याने चार मिनिटांवर आणला. मामाचे साडू त्यात होते. पूर्ण आहेराची वेगळी फाइल करून घरच्यांना पेन ड्राइव्हवर द्यायची, म्हणजे कोणी रुसणार नाही, हेही त्यालाच सुचलं. मला म्हणाला, हे आधी कसं सुचलं नाही? मी म्हणालो, आधी रॅम घ्यायला माझ्या दुकानात यायचं सुचलं ना.

पाच वाजता तो तिसऱ्या कॅमेऱ्यावर आला.

हा कॅमेरा मांडवाच्या कोपऱ्यात स्टँडवर होता. पाठवणीला सगळे गाडीकडे धावले आणि हा चालूच राहिला. शिवतेजने त्याचं सगळं फुटेज टाइमलाइनवर ओतलं होतं, पण बघितलं कधीच नव्हतं. बघायची गरजच काय, घेतलं तर होतं.

रिकामा मांडव. उलट्या पडलेल्या खुर्च्या. पत्रावळी गोळा करणारी एक बाई.

त्याने पुढे पळवायला बोट उचललं…

तिकडून नवरीचा बाप आला. फेटा अजून डोक्यावर. हातात मुलीच्या जुन्या चपला. सकाळच्या क्लिपमध्ये ती त्याच घालून मांडवात आली होती, आणि जाताना नव्या घालून गेली. बाप मांडवाच्या मधोमध उभा राहिला. चपला खाली ठेवायला वाकला, ठेवल्या नाहीत. खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळल्या आणि काखेत धरल्या.

मग एक आचारी काहीतरी विचारायला आला, आणि तो त्याच्याबरोबर गेला.

शिवतेजने ते परत बघितलं. परत बघितलं.

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी त्यांना हातानेच थांबा म्हटलं.

“हे माझ्याकडे होतं…” शिवतेज म्हणाला. “वीस दिवस माझ्याकडे होतं.”



शिवतेजने ती क्लिप कापली. बाप वाकतो तिथून टॉवेल गुंडाळतो तिथपर्यंत. आठ सेकंद. फिल्मच्या शेवटी ठेवली. ड्रोनचा गाडी लांब जातानाचा शॉट तिथे होता, तो काढला. त्या ड्रोनबद्दल तो आल्यापासून मला सांगत होता.

कॉम्प्युटर बंद केला. रविवारी फिल्म लागणार याची मला तेव्हाच खात्री पटली, आणि माझा माणसाचा अंदाज सहसा चुकत नाही. फुटेज साठवायला एक चांगली एसएसडी मात्र मी त्याच्या गळ्यात मारली. ती त्याला खरंच हवी होती. मास्तरांनी भुवई उचलली.

मास्तर उठले. चपला पायात सरकवल्या. खिशातली पट्टी काढून त्यांनी शिवतेजच्या हातावर ठेवली.

शिवतेज पट्टीकडे बघत राहिला. आता आवाज खाली आला होता.

“मास्तर… मग रॅम किती घालू?”

मास्तर पायरी उतरले, आणि रस्त्यावरून मागे वळून म्हणाले,

“ते आठ सेकंद मावतील एवढी.”